रंगाचा हात

संसारांत जुन्या वस्तूंची डागडुजी करण्याचा प्रसंग कोणाला आला नाहीं? आजेसासऱ्यांचें लिहिण्याचें मेज, आजोळाहून आलेला पाळणा, माजघरांतील झोपाळा, देव्हारा, फडताळ, अशा वस्तूंना वीसपंचवीस वर्षांनीं एकदां तरी नव्यानें रंग द्यावा लागतो. अशा वेळीं रंग कोणता द्यावा याची चर्चा घरांतील मंडळी मोठ्या हौसेनें करतात. परंतु तो कोणत्या रीतीनें द्यावा, हा विचार मात्र सर्वस्वीं रंगाऱ्यावर सोंपविलेला असतो. वास्तविक पाहतां रंग न आवडल्यास तो पुढेंमागें बदलतां येतो. रीत चुकल्यास खालीं जें होतें तें कायमचें नाहींसें होतें. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं झालेल्या एका वादामुळें या गोष्टीचा मला बारकाईनें विचार करावा लागला. ज्यांच्या घरीं जुन्या वस्तू आहेत अशा वाचकांना त्याचा कांहीं उपयोग होईल, या आशेनें तो येथें मांडीत आहें.

आमचें घर शहादें तालुक्यांतील कळसाडी या गांवीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मधल्या काळ्या रानांत कापूस, ऊंस, केळी व पपई. वादाचा विषय झालेली वस्तू मात्र देव्हारा नव्हती कीं झोपाळा नव्हता. ती होती नाणें टाकून खेळावयाच्या चित्रखेळाची, म्हणजे ज्यास सर्वजण व्हिडिओ गेम म्हणतात त्याची, जुनी उभी लांकडी पेटी.

ज्यांनीं अशी पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतें. पुरुषभर उंचीचें एक अरुंद कपाट. त्याच्या वरच्या भागांत तिरकी बसविलेली टीव्हीसारखी कांच. तिच्याखालीं हात टेकावयाची उतरती फळी, फळीवर एक दांडी व दोनतीन बटणें. आणि गुडघ्याच्या उंचीवर नाणीं टाकण्याचें पत्र्याचें दार. जपानमधील टायटो कंपनीनें १९७८ सालीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ काढला, आणि १९८० सालीं नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनीं 'पॅक-मॅन' रचला. तोंडाचा आ करून ठिपके गिळीत जाणारा तो पिवळा गोळा थोड्याच काळांत जगभर फिरला. अमेरिकेंत त्याची पेटी पिवळ्या रंगाची असे, व तिच्या बाजूंवरील चित्रें कातीव साच्यांतून रंग देऊन काढलेलीं असत. आपल्याकडे अशा पेट्या आधीं मोठ्या शहरांत आल्या आणि मग हळूहळू तालुक्याच्या गांवांपर्यंत पोंचल्या.

माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणत असें, यांनीं १९८८ सालीं शहाद्यास एक लहानसा गाळा भाड्यानें घेऊन त्यांत अशा तीन पेट्या मांडल्या. त्या वेळीं आमचा तालुका धुळें जिल्ह्यांत होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. पेट्यांचें आंतील विजेचें सामान भावजींनीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन आणलें. सांगाडे शहाद्याच्या सुतारानें १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे केले, आणि रंग मात्र भावजींनीं स्वतः कुंचल्यानें दिला. बाजूवरच्या चित्राचा साचा त्यांनीं एक्स-रेच्या जुन्या फिल्मा कापून केला होता. पाट्या रंगविणाऱ्या पेंटर लोकांची ही नेहमींची युक्ति. ती त्यांनीं कोठें पाहिली होती कोण जाणे.

मामंजी शाळेंत हेडमास्तर होते. मुलानें शिकूनसवरून पोरांकडून रुपया रुपया घ्यावा व खेळ मांडून बसावें, हें त्यांना अखेरपर्यंत रुचलें नाहीं. घरांत त्या दुकानाचें नांव निघत नसे. कोणीं विचारलेंच तर "धाकटा शहाद्यास विजेच्या सामानाचें काम करतो" असें सांगण्याची रीत पडून गेली होती. त्याच दुकानाच्या उत्पन्नांतून आमच्या वन्संचें नाशिकच्या कॉलेजांतील तीन वर्षांचें शिक्षण झालें, हेंही सर्वांस ठाऊक होतें. पण त्याचा उच्चार होत नसे. रात्रीं भावजी पिशवींतून नाणीं ओतीत, जाऊबाई दहा दहा नाण्यांच्या चवडी लावीत, आणि सासूबाई त्या मोजून कपाटांत ठेवीत. पुढें टीव्हीला जोडावयाचे खेळ घरोघर आले, पोरें दुकानांत येईनाशीं झालीं, आणि १९९७ सालीं दुकान बंद झालें. दोन पेट्या विकल्या गेल्या. तिसरी कळसाडीस खळ्यांतल्या वखारींत पोत्यांखालीं जाऊन पडली. भावजींना जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. मामंजी त्यांच्याही आधीं गेले.

पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. तो दिवाळीस आला, त्यानें वखारींतलीं पोतीं हलविलीं, आणि संध्याकाळीं सर्वांसमोर सांगितलें, "काकू, बाबांची पेटी मी पुन्हां अगदीं नव्यासारखी करणार आहें."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पेटी उजेडांत आणून पाहिली. तिची उजवी बाजू ओल्या भिंतीस टेकून राहिल्यामुळें प्लायवूडचे पदर सुटले होते व रंगाचे पोपडे आले होते. खालचा चार बोटें भाग पाण्यानें फुगला होता. नाण्यांच्या दाराला गंज चढला होता. हात टेकावयाच्या फळीवर दोन जागीं रंग उडून आंतलें लांकूड उघडें पडलें होतें आणि तें हातांच्या घामानें काळें गुळगुळीत झालें होतें. नऊ वर्षें शहाद्याच्या पोरांनीं तेथें मनगटें टेकलीं होतीं. डावी बाजू मात्र पुष्कळ बरी राहिली होती. तीवर तो पिवळा गोळा व त्याच्यामागें धांवणारीं चार भुतें होतीं, आणि त्यांच्याखालीं भावजींच्या हातच्या तांबड्या अक्षरांत लिहिलें होतें: "एक खेळ एक रुपया. भांडण करूं नये."

आतां वादास प्रारंभ झाला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, पेटी पार लांकडापर्यंत घासावी, लांबी भरून आरशासारखी सपाट करावी, आणि मोटारीला देतात तसा चकचकीत पीयू रंग फवाऱ्यानें द्यावा. चित्रें मागाहून छापून चिकटवितां येतील. आमच्या यजमानांचें मत पडलें कीं, एवढी यातायात कशाला? वरून सनमायका मारून टाकावा, म्हणजे फडक्यानें पुसलें कीं काम झालें. जाऊबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. शेवटीं मला बाजूला घेऊन त्यांनीं विचारलें, "ताई, तीं अक्षरें जातील का हो?"

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर प्रत्येक रीत काय करते हें समजून घेणें भाग होतें. मीं शहाद्याच्या एका जुन्या रंगाऱ्याला घरीं बोलाविलें, पुतण्यानें जमविलेली माहिती वाचून काढली, आणि चार दिवस त्याच विचारांत घालविले.

प्रथम फवाऱ्याची रीत. काँप्रेसरनें दाबलेल्या हवेच्या जोरावर रंगाचे सूक्ष्म तुषार उडवून ते पृष्ठभागावर बसविणें, हें तिचें तत्त्व. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत ड्यूको नांवाचा झटपट वाळणारा रंग मोटारींवर फवारण्यांत येऊं लागला, आणि पूर्वीं ज्या कामास आठवडे लागत तें फार थोड्या वेळांत होऊं लागलें. आपल्याकडील कारागीर अजूनही फवारलेल्या चकचकीत रंगास 'ड्यूको'च म्हणतात. या रीतीनें रंगाचा थर पातळ व सारखा बसतो, कुंचल्याच्या रेघा उमटत नाहींत, आणि कोनेकोपरेही सुटत नाहींत. पुतण्याला तिचा मोह पडला यांत नवल नव्हतें.

पण या रीतीच्या अटीही कडक आहेत. चकचकीत थराखालीं सुईएवढा खळगाही डोळ्यांत भरतो; म्हणून जुनें सर्व घासून नाहींसें करावें लागतें. फवारलेल्या रंगापैकीं बराचसा भाग वस्तूवर न बसतां हवेंत उडून जातो, त्यामुळें बंद व स्वच्छ खोली लागते. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा हवेंत तुषार वाटेंतच सुकतात आणि पृष्ठभाग रवाळ होतो. पावसाळ्यांत दमट हवेमुळें लॅकर जातीच्या रंगावर पांढुरकी झांक येते. हिवाळ्यांत हवा चांगली, पण कापसाची वेचणी चालूं असतांना गांवांत तंतु उडत असतात, आणि ओल्या रंगावर एक तंतु बसला तरी तो कायमचा. याहून मोठी अडचण आरोग्याची. दोन भाग मिसळून करावयाच्या पीयू रंगाच्या घट्ट करणाऱ्या भागांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. तीं तुषारांच्या रूपानें श्वासावाटे आंत गेलीं तर दमा जडूं शकतो, आणि ज्याला आधींच दमा आहे त्याला तीं फारच बाधतात. हें काम करणारास बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाहीं. आमच्या सासूबाईंना वीस वर्षांचा दमा आहे, आणि वखारीचें दार त्यांच्या खोलीसमोर आहे.

सनमायकाची रीत दिसावयास सोपी. पातळ कडक पत्रा सरसानें चिकटविला कीं झालें. स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या फळ्यांना ती उत्तम. परंतु सरस जुन्या रंगाशीं एकजीव होतो. पुढें कोणाला तो पत्रा काढावासा वाटला तर त्याबरोबर खालचा रंगही उखडून निघतो. म्हणजे वरवर पाहतां झांकणारी ही रीत प्रत्यक्षांत पुसणारीच आहे.

पत्र्याच्या दारासाठीं पावडर कोटिंग नांवाची एक वेगळी रीत आहे. रंगाची कोरडी पूड विजेच्या भारानें धातूवर बसवितात आणि सुमारें २०० अंश उष्णतेच्या भट्टींत ती वितळवून तिचा एकसंध थर करतात. थर टणक होतो व गंजास चांगला अटकाव करतो. धातूला ती योग्य. प्लायवूडला अर्थातच नव्हे.

राहिल्या रूळ व कुंचला या दोन जुन्या रीती. मऊ स्पंजाच्या रुळानें मोठ्या सपाट भागावर तैलरंग सारखा पसरतो, पण बारीक पुटकुळ्यांसारखी खूण राहते. रंग ओला आहे तोंवर चांगल्या कुंचल्याच्या नुसत्या टोकानें वरून हलका हात फिरविला, तर ती खूण बरीचशी मिटते. आमच्या रंगाऱ्यानें ही युक्ति एका फळीवर करून दाखविली, तेव्हां पुतण्याही क्षणभर गप्प झाला. नुसत्या कुंचल्यानें काम सावकाश होतें, हात बसलेला लागतो, आणि रेघा थोड्याफार राहतातच. परंतु रंग हवा तेथेंच देतां येतो आणि नको तेथें थांबतां येतें. शिवाय वर्षभरानें ओरखडा उठला तर तेवढ्यापुरता हात घरच्या घरीं देतां येतो; फवारलेल्या पेटीची मात्र सबंध बाजू पुन्हां फवारावी लागते, आणि त्यासाठीं ती शहरांत न्यावी लागते.

याच सुमारास एक गोष्ट अशी कळली कीं, तिच्यामुळें घासण्याचा प्रश्नच वेगळा झाला. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या व तांबड्या रंगांत, शिशाचे क्षार घालण्याची चाल होती. क्रोम येलो म्हणून जो झळझळीत पिवळा रंग प्रसिद्ध आहे तो शिशाचाच. आपल्या सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असें ठरविलें, आणि तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाची शाश्वति देतां येत नाहीं. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरनें किंवा मशीननें घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते. ती रांगत्या मुलांच्या हातांवाटे पोटांत जाते व त्यांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करते. किती थोडें शिसें निर्धोक, याची मर्यादा वैद्यकशास्त्रास आजवर सांपडलेली नाहीं. आमच्या घरांत दीड वर्षाची नात आहे. तेव्हां पेटी लांकडापर्यंत घासण्याचा बेत तेथेंच संपला. जुना रंग घट्ट असेल तेथें तो तसाच ठेवून त्यावर थर देणें, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

तरीही पुतण्याची समजूत पटेना. तो म्हणाला, "मग ती जुनीच दिसेल, काकू." मीं म्हटलें, "जुनीच आहे ना ती?" यावर तो जें बोलला तें मला अपेक्षित नव्हतें. "शाळेंत मला कोणीं विचारलें कीं, मी 'बाबा विजेच्या सामानाचें काम करतात' असें सांगत असें. घरांतून तसें शिकविलेलें होतें. आतां ही पेटी अशी झाली पाहिजे कीं, कोणीही पाहून म्हणावें, काय सुरेख वस्तु आहे!"

त्याच्या चकचकाटाच्या हट्टाचा उलगडा मला तेव्हां झाला. ज्या धंद्याचें नांव घरांत झांकून ठेवलें गेलें, त्याला त्याला मान मिळवून द्यावयाचा होता, आणि मान म्हणजे त्याच्या लेखीं झळाळी. जाऊबाईंना झळाळीचें कांहीं नव्हतें. त्यांना नवऱ्याचा हात राखावयाचा होता. दोघांनाही एकाच माणसासाठीं हवें होतें, आणि दोघांच्या इच्छा एकमेकींच्या आड येत होत्या. एकाची पूर्ण व्हावयाची तर दुसरीवर पॉलिश पेपर फिरणार होता.

अशा प्रसंगीं इतरांनीं काय केलें आहे हें पाहणें बरें असतें. जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारासंबंधीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं जी सनद केली, तींत दोन तत्त्वें मला फार पटलीं. पूर्वीं काय होतें याचा जेथें केवळ तर्कच करावा लागतो, तेथें जीर्णोद्धारानें थांबावें. आणि नव्यानें घातलेला भाग मूळच्याशीं मिळताजुळता असावा, पण मूळचाच आहे असा भास त्यानें उत्पन्न करूं नये. वस्तुसंग्रहालयांत काम करणारे याला आणखी एक जोड देतात: आज जें कराल तें उद्यां काढतां येईल असें करा. कारण पुढच्या माणसाला आपल्याहून अधिक कळत असण्याचा संभव असतो.

हें काढतां येण्यासारखें लेपन आपल्याकडे पूर्वींपासून आहे. तें म्हणजे लाखेचें. लाख हा पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या एका किड्याचा स्राव. ती स्पिरिटमध्यें विरघळते, वाळल्यावर कांचेसारखी होते, आणि पुन्हां स्पिरिट लावल्यास पुन्हां विरघळते. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि तिच्या अभ्यासासाठीं रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आमच्या पेटीसारख्या खेळाच्या सामानाशींही लाखेचें नातें जुनें आहे. सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्धच आहे. दशावतारी गंजिफ्याच्या १२० वाटोळ्या पानांवर कुंचल्यानें चित्रें काढून त्यांवर लाखेचा हात देतात. ही कला लोप पावण्याच्या बेतांत असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं तिला पुन्हां ऊर्जितावस्थेस आणलें. तेव्हां खेळाच्या सामानावरची कारागिरी जतन करणें यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. आणि कुंचल्याच्या धंद्याबद्दल म्हणाल, तर कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री यांना लोक 'पेंटर' याच नांवानें ओळखूं लागले, आणि तेंच नांव मराठी चित्रपटाच्या इतिहासांत अजरामर झालें.

या सर्व विचारान्तीं मीं घरांत अशी सूचना मांडली कीं, पेटीला एकच रीत लावण्याचा हट्ट सोडावा. ज्या भागाचें जें काम आणि ज्या भागाची जी आठवण, त्याप्रमाणें त्याची रीत ठरवावी. थोड्या घासाघाशीनंतर ती सर्वांनीं मान्य केली.

काम मार्गशीर्षांत केलें. प्रथम एका माहितगाराकडून आंतील चित्रनलिका काढून घेतली. वीज तोडल्यावरही तींत बराच वेळ जोराची वीज सांठून राहूं शकते, म्हणून हें काम हौशी माणसानें करूं नये. खालचा फुगलेला भाग सुतारानें कापून त्या जागीं नव्या प्लायवूडची पट्टी सांधली. उजवी बाजू व पुढचा भाग पाण्याच्या पॉलिश पेपरनें, आधीं २२० व मग ३२० नंबरच्या, ओला ठेवूनच घासला. निघालेला गाळ फडक्यांनीं टिपून तीं फडकीं वेगळीं ठेविलीं, आणि तेवढे दिवस नातीला तिच्या आजोळीं पाठविली. मग लांबी भरली, प्रायमरचा एक हात दिला, आणि त्यावर पिवळ्या तैलरंगाचे तीन पातळ हात रूळ व कुंचला मिळून दिले. प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळूं दिलें, आणि अखेरच्या हातानंतर पेटीस दोन आठवडे कोणी बोट लाविलें नाहीं. तैलरंग वरून लवकर वाळतो, पण आंतून कडक होण्यास त्याला वेळ लागतो. उतावळेपणानें पुष्कळ चांगलीं कामें येथेंच बिघडतात.

उजव्या बाजूस पूर्वीं चित्र होतें हें जाऊबाईंस आठवत होतें, पण तें नक्की कसें होतें हें कोणासच सांगतां येईना. म्हणून तेथें चित्र काढलें नाहीं; ती बाजू सपाट पिवळी ठेविली. पुतण्यानें दिव्याच्या उजेडांत तिरका डोळा लावून तीवर रेघा शोधल्या. सांपडल्या त्या इतक्या थोड्या कीं, तो स्वतःशींच हंसला.

डाव्या बाजूला पॉलिश पेपर लाविलाच नाहीं. सौम्य साबणाच्या पाण्यांत कापूस बुडवून व पिळून जाऊबाईंनीं ती दोन दिवस बोटाबोटानें पुसली. नंतर चपड्या लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्यें रात्रभर भिजत घालून, दुसऱ्या दिवशीं तें द्रावण मलमलीच्या फडक्यांतून गाळलें, आणि मऊ बोळ्यानें त्याचे दोन पातळ हात दिले. त्याआधीं कोपऱ्यांत बोटभर जागेवर लावून, जुना रंग स्पिरिटनें सुटत नाहीं ना, याची खात्री करून घेतली होती. ही परीक्षा कोणींही चुकवूं नये. लाखेचा दोष असा कीं, पाणी सांडून राहिलें तर पांढरा डाग पडतो, आणि उष्णतेनें ती मऊ होते. म्हणून हात टेकण्याच्या फळीस ती चालली नसती. त्या फळीबद्दल आम्हीं असें केलें कीं, झिजलेली जुनी फळी जशीच्या तशी सोडवून पेटीच्या आंतल्या बाजूस स्क्रूनें बसविली, आणि तिच्याच मापाची नवी फळी करून वर लाविली. तीवर मात्र यजमानांचा सनमायका बसला. पत्र्याचें दार पुतण्यानें पावडर कोटिंगला दिलें; तें काळें कुळकुळीत, आरशासारखें होऊन आलें. त्याच्या वाट्याची झळाळी त्याला तेवढी मिळाली.

पेटी पूर्ण झाल्यावर ती कोठें ठेवावयाची हा प्रश्न निघाला. पुतण्या म्हणाला, वखारींतच एक कोपरा स्वच्छ करूं. सासूबाई आंतून ऐकत होत्या. त्या ८८ वर्षांच्या आहेत. दिसतें थोडें, ऐकूं मात्र सर्व येतें. त्या म्हणाल्या, "हिची कमाई मीं इतकीं वर्षें मोजून कपाटांत ठेवली, आणि ही मात्र बाहेर खळ्यांत? ओसरीवर आणा तिला." मामंजींच्या तसबिरीखालची जागा मोकळी होती. तेथेंच ती ठेविली. डावी बाजू येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी ती वळवून घेतली, आणि तें काम कोणीं न सांगतां पुतण्यानेंच केलें.

ज्यांच्या घरीं एखादी जुनी वस्तु रंगाची वाट पाहत असेल त्यांना माझें इतकेंच सांगणें आहे. रंगाच्या दुकानांत जाण्यापूर्वीं ती वस्तु दिवसाच्या उजेडांत मांडा, आणि तिच्यावर कोणाचा हात कोठें उमटलेला आहे तें घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून घ्या. जुना रंग कोरडा घासूं नका. घरांत दमेकरी किंवा लहान मूल असेल तर फवाऱ्याचें काम घरीं करूं नका. करावयाचेंच असेल तर योग्य कारखान्यांत पाठवा. ज्या भागाला रोज हात लागणार त्याला टणक लेप द्या. जो भाग केवळ पाहण्यासाठीं राखावयाचा त्याला पुढें काढतां येईल असाच द्या. रंगारी घाई करूं लागला तर त्याला चहा द्या, आणि थोडें थांबावयास सांगा. आमच्या पेटीची उजवी बाजू आतां कोणींही, केव्हांही, हव्या त्या रंगानें रंगवावी. डावीचा निर्णय नात मोठी झाल्यावर तिला घेतां यावा, एवढी सोय आम्हीं करून ठेविली आहे.